उकडलेलं अंडं सोलताना निम्मं सालीबरोबर जातं – उपाय सांगा

झणझणीत_रस्सा

मंडळी, सतरा वर्षं स्वयंपाक करतेय. माझी पुरणपोळी फुटत नाही, भाकरी टम्म फुगते, मोदकाला एकवीस पाकळ्या पडतात. आणि अंडं सोलता येत नाही.

झालं असं की रविवारी घरी बारा माणसं जेवायला होती. सासरे आदल्या रात्री पाटणहून आले. येताना साळीच्या तुसात घालून दोन डझन गावठी अंडी घेऊन आले. "कालची-आजचीच आहेत गं, आपल्याच कोंबड्यांची." मी खूश. कांदा-खोबरं भाजून वाटण केलं, तर्री अशी आली की शेजारच्या काकू विचारायला आल्या. मग अंडी सोलायला घेतली आणि अब्रूचे धिंडवडे निघाले. साल निघेना. निघाली की तिच्यासोबत पांढऱ्याचा लचका. एकात तर बलक उघडा पडला. चोवीसपैकी धड पाच निघाली. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, उंदरांनी आधी चाखली का?"

कृती सांगते : मोठ्या पातेल्यात गार पाणी, त्यात अंडी, चमचाभर मीठ, उकळी आल्यावर दहा मिनिटं, मग नळाखाली धरली. माझी आई असंच करते आणि तिची अंडी गोटीसारखी निघतात. माझं काय चुकतंय?

आजीची_पोर

मीठ कमी पडलं. मूठभर घाला. आमच्या आजीची हीच पद्धत.

टवाळखोर

सोपा उपाय. पाहुण्यांना सांगायचं, आज भुर्जी रस्सा आहे. (कृहघ्या, म्हणजे कृपया हलके घ्या)

पिंपळपान

पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा. किंवा व्हिनेगर. मी दोन्ही घालते.

टवाळखोर

@पिंपळपान, दोन्ही एकत्र घातले तर शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातला ज्वालामुखी होतो की हो.

पिंपळपान

आलटून पालटून घालते असं म्हणायचं होतं. वाचणाऱ्याने थोडं समजून घ्यावं.

पावशेर_लोणी

एक अंडं दोन्ही टोकांना थोडं सोलायचं आणि एका टोकाने जोरात फुंकायचं. अख्खं अंडं दुसऱ्या बाजूने बाहेर. व्हिडिओत पाहिलंय.

झणझणीत_रस्सा

म्हणजे बारा पाहुण्यांसाठी चोवीस अंडी फुंकू? आणि मग ती त्यांना वाढू?

ठेल्यावरचा_बंड्या

ताई, मी अकरा वर्षं एसटी स्टँडबाहेर अंड्याची गाडी लावायचो. हिवाळ्यात दिवसाला दोनशे-अडीचशे उकडलेली अंडी जायची, शिवाय भुर्जी-आम्लेट वेगळं. आता गाडी भाच्याकडे दिली. तुमचं पातेलं, पाणी, मीठ काही चुकलं नाही. तुमचं अंडं चुकलं. लई ताजं होतं.

आमच्या धंद्यात ट्रे आला की त्याच दिवशी उकडायचा नाही हा पहिला नियम. तीसचा ट्रे असतो, भाव शेकड्यावर ठरतो. मी नवीन ट्रे खाली आणि जुना वर ठेवायचो. तीन-चार दिवस बसलेलं अंडं उकडायला, ताजं अंडं आम्लेट-हाफफ्रायला. ताज्याचा बलक ताठ उभा राहतो, पांढरं पसरत नाही, गिऱ्हाईक खूश. तेच अंडं उकडलं की रडवतं. नवीन पोरगा कामाला आला की हमखास ताजा ट्रे उकडायचा आणि मग संध्याकाळभर नखं घासत बसायचा.

दुसरं, गार पाण्यात अंडी टाकून आम्ही कधीच उकडली नाहीत. पाण्याला दणकून उकळी आली की झाऱ्यावरून हळू सोडायची. मग घड्याळ लावायचं.

सोलायचं बादलीत. पाणी काढून पातेलं जोरात हलवायचं, सगळ्यांच्या साली चरचर तडकतात. मग गार पाणी ओतायचं, पाच मिनिटं गप बसायचं, आणि पाण्याखालीच बुडाकडून सोलायचं. बूड म्हणजे रुंद टोक, तिथं आत पोकळी असते. अंगठा तिथं शिरला आणि आतला पातळ पापुद्रा धरला की साल एकसंध निघते. पापुद्रा सोडून नुसती साल खरवडत बसलात तर दिवस गेला.

कोथिंबीर_फुकट

वा! वाखुसा (वाचनखूण साठवली).

आजीची_पोर

ताजं अंडं वाईट? काहीही हं. आमच्याकडे तर ताजं म्हणूनच गावाहून मागवतात. आणि मिठाचं काय?

ठेल्यावरचा_बंड्या

वाईट कोण म्हणतंय, ताई. खायला ताजंच चांगलं. मीठ मी पण टाकायचो, पण ते सोलण्यासाठी नाही. अंडं पाण्यात तडकलं तर बाहेर आलेलं पांढरं मिठाने लगेच घट्ट होतं, चीर बुजते, पातेलंभर फेस होत नाही.

रसायन_मास्तर

बंड्याभाऊंना साष्टांग दंडवत. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे त्यांच्या अनुभवामागचं कारण सांगायचा मोह आवरत नाही.

टरफलाच्या आत दोन पापुद्रे असतात. एक टरफलाला चिकटलेला, दुसरा पांढऱ्याला वेढून. रुंद टोकाला हे दोन एकमेकांपासून सुटतात आणि मधे हवेची पोकळी तयार होते. नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. ताजं अंडं फोडल्यावर पांढरं किंचित गढूळ दिसतं ते त्यामुळेच. हा वायू आत असेपर्यंत पांढऱ्याचा सामू, म्हणजे पीएच, ७.६ च्या आसपास असतो. टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. तिथून वायू हळूहळू निघून जातो आणि काही दिवसांत सामू ९ च्या वर चढतो. सामू कमी असताना अंडं उकडलं तर पांढऱ्यातली प्रथिनं आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून बसतात. सामू साधारण ८.७ च्या पलीकडे गेला की ती पकड ढिली होते.

म्हणजे तुमच्या आईचं कौशल्य निम्मं तिचं आणि निम्मं तिच्या दुकानदाराचं. अंडी तिच्या हातात येईपर्यंत पोल्ट्री, व्यापारी, टेम्पो, दुकान असा प्रवास करून आलेली असतात. तुमच्या सासऱ्यांनी तो प्रवास वाचवला.

गरम पाण्याचंही कारण आहे. गार पाणी तापत जातं तसं पांढरं बाहेरून सावकाश घट्ट होतं, सुरुवात ६२ अंशांच्या आसपास. पापुद्र्याला चिकटायला त्याला निवांत वेळ मिळतो. उकळत्या पाण्यात मात्र बाहेरचा थर झटक्यात आवळतो, पापुद्र्याशी सोयरीक जुळायच्या आतच.

झणझणीत_रस्सा

मास्तर, म्हणजे सासऱ्यांच्या प्रेमानेच घात केला! हे त्यांना सांगायचं कसं?

टवाळखोर

"बाबा, पुढच्या वेळी जरा शिळी आणा." हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

पिंपळपान

मास्तर, सामू वाढवायचाच तर मग माझा सोडा बरोबरच ना? सोडा अल्कलीच आहे.

रसायन_मास्तर

तर्क बरोबर, पण सोडा बाहेरच्या पाण्यात आहे आणि आपल्याला बदल आत हवा आहे. दहा-बारा मिनिटांत टरफल आणि दोन पापुद्रे ओलांडून आतल्या पांढऱ्याचा सामू बदलेल इतका सोडा आत जात नाही. जास्त घातला तर वासच येईल. व्हिनेगर तर उलट्या दिशेचं. ते टरफलातला कॅल्शियम कार्बोनेट विरघळवतं, बुडबुडे दिसतात, साल जरा ठिसूळ होते, पण चिकटण्याचा प्रश्न तसाच राहतो. दोन्ही घरात असतील तर नाश्त्याला ढोकळा करा.

पिंपळपान

मला फरक पडतो. असो.

लेहची_थंडी

धागा वाचून राहवलं नाही. ह्यांच्या पोस्टिंगमुळे दोन वर्षं लेहला होतो. साडेअकरा हजार फुटांवर पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं. पहिल्या दिवशी पुण्याच्या हिशेबाने दहा मिनिटं उकडली तर बलक वाहत होता. मग कुकर. तळाशी दोन बोटं पाणी, आत जाळीवर अंडी, एक शिट्टी, गॅस बारीक करून पाच मिनिटं, लगेच चिमट्याने शिट्टी उचलून वाफ काढायची आणि अंडी थेट गार पाण्यात. वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, हे सांगायला नको. अशी साल सुटते की बस. पुण्याला परत आल्यावरही तेच चालू आहे. एकदा वाफ काढायला विसरले आणि अंडी कुकरमध्येच राहिली, तर बलकाभोवती हिरवं-काळं कडं आलं. मुलगा म्हणाला, नासलं.

रसायन_मास्तर

नासलं नव्हतं. बलकात लोह असतं, पांढऱ्यात गंधक. जास्त वेळ उष्णता मिळाली की गंधकाचा वायू, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, आत सरकतो आणि बलकाच्या कडेला लोहाशी जुळून लोह सल्फाइडचं ते कडं तयार होतं. खायला काहीच अपाय नाही. वेळेवर गार पाण्यात टाकलं की टळतं.

सुगरण_सोसायटी

कुकर नको असेल तर मोदकपात्र! पाणी उकळलं की वरच्या चाळणीत अंडी ठेवायची, झाकण, १२-१३ मिनिटं. पातेल्यात एकदम वीस अंडी टाकली की उकळी मोडते, पाणी परत तापायला वेळ लागतो आणि "उकळत्या पाण्यात" ही मेख तिथेच गळते. मोदकपात्रात तळाशी वाटीभर पाणी, ते लगेच परत उकळतं. आपटून तडकणंही कमी.

शाकाहारी_पण_प्रेमळ

मोदकपात्रात अंडी?? बाप्पा बघतोय.

सुगरण_सोसायटी

वेगळं घेतलंय. दुसऱ्या मोदकपात्रावर मार्करने "सामिष" लिहिलंय. सासूबाईंनी स्वतः लिहिलंय.

शाकाहारी_पण_प्रेमळ

मग ठीक. पुढे बोला.

कोथिंबीर_फुकट

माझा बाळबोध प्रश्न : उकळत्या पाण्यात फ्रिजमधलं अंडं टाकलं की तडकतं. त्यावर काय?

ठेल्यावरचा_बंड्या

आधी अर्धा तास बाहेर ठेवा. टाकताना आच मध्यम करा, खळाखळा उकळी असेल तर अंडी एकमेकांवर आपटतात. आणि बुडाला टाचणीने एक बारीक भोक पाडा. आतली हवा तापून फुगते, तिला वाट मिळते. तरी शंभरात दोन-चार तडकणारच. ती आम्ही मसाला अंड्यात घालायचो, कांदा-कोथिंबीर-तिखटाखाली काही दिसत नाही.

ह्यूस्टनचा_सदू

इकडची गंमत वेगळी. अमेरिकेत दुकानातली अंडी धुतलेली असतात, त्यामुळे वरचा नैसर्गिक संरक्षक थर निघून जातो आणि फ्रिजमध्येच ठेवावी लागतात. भारतात आणि युरोपात सहसा न धुता विकतात. काही ठिकाणी धुतल्यावर खनिज तेलाचा हलका हात देतात, त्याने छिद्रं बुजतात. मास्तरांचं वाचून आत्ता कळलं, छिद्रं बुजली म्हणजे वायू बाहेर जायला वेळ लागणार, वर फ्रिजचा गारठा. म्हणून डब्यावरची तारीख जुनी असूनही सोलताना छळतात!

इकडच्यांसाठी युक्ती : सरकारी ग्रेडचा शिक्का असलेल्या डब्यावर तीन आकडे छापलेले असतात, ००१ ते ३६५. तो वर्षातला पॅकिंगचा दिवस. ०३२ म्हणजे १ फेब्रुवारी. आम्लेटला मोठा आकडा शोधायचा, अंडाकरीला लहान. (जानेवारीत डोकं चालवावं लागतं.)

आजीची_पोर

पण मग जुनं म्हणजे किती जुनं? नासकं खायचं का उद्या?

अंडीवाला_नगरकर

आमचा लेअर पक्ष्यांचा, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांचा, छोटा फार्म आहे म्हणून लिहितो. फार ताणायचं नाही. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली ४० अंश असतात, तिथे "बाहेर ठेवा" हा सल्ला आठवडाभरासाठी घेऊ नका. थंडीत पाच-सहा दिवस, उन्हाळ्यात दोन दिवस बाहेर ठेवून बाकी फ्रिजमध्ये. बाहेरचा एक दिवस हा फ्रिजमधल्या जवळपास आठवड्याइतका धरतात, त्यामुळे दोन दिवसांतही फरक दिसतो.

घरी तपासायला पाणी पुरतं. खोल भांड्यात अंडं सोडा. तळाशी आडवं झोपलं तर ताजं, त्याचं आम्लेट करा. तळाशीच पण बूड वर करून उभं राहिलं तर उकडायला एक नंबर, आतलं पाणी थोडं उडून हवेची पोकळी मोठी झालेली असते. तरंगलं तर बाद.

आणि जुन्याचाही तोटा आहे, तो कुणी सांगितला नाही. पोकळी मोठी म्हणून सोललेल्या अंड्याचं बूड चपटं येतं, आणि पांढरं पातळ झाल्यामुळे बलक एका कडेला सरकतो. अर्धं कापून ताटात मांडायचं असेल तर फार जुनं चालत नाही.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), टरफलाच्या रंगाने काही फरक नाही. पांढरं-तपकिरी हे कोंबडीच्या जातीवर असतं. गावठी अंडी सोलायला अवघड ही समजूत एवढ्यासाठीच, की ती आपल्याला ताजी मिळतात आणि "इंग्लिश" (पोल्ट्रीची) अंडी प्रवास करून येतात.

आजीची_पोर

हे पटलं. आजीकडे अंडी नेहमी बाजारातली असायची. गुरुवारच्या बाजारातून आणायची आणि रविवारी उकडायची. मिठाचं श्रेय मी उगाच इतकी वर्षं देत होते.

टवाळखोर

इतिहासात पहिल्यांदा या फोरमवर कुणाचं मत बदललं. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

शाकाहारी_पण_प्रेमळ

अवांतर : मायक्रोवेव्हमध्ये करता येतं का हो? विचारतेय नवऱ्यासाठी, तो चोरून खातो.

लेहची_थंडी

अजिबात नको!! सालीसकट तर नाहीच, आणि सोललेलं अख्खं अंडं गरम करायलाही नको. आत वाफ कोंडते आणि बाहेर काढून चावा घेताना फुटतं. तोंड भाजेल.

शाकाहारी_पण_प्रेमळ

बरं झालं विचारलं. त्याला सांगते, म्हणजे मला माहीत आहे हेही कळेल.

झणझणीत_रस्सा

मंडळी, परत आले. सासरे आज पुन्हा एक डझन देऊन गेले (त्यांना अजून काही सांगितलेलं नाही), आणि माझ्याकडे दुकानातली सहा होती, आठ दिवस ओट्यावर पडलेली. सगळ्यांच्या कृती एकदाच करून बघितल्या. नवरा म्हणाला, प्रयोगवही कर. केली.

कालची गावठी तीन, गार पाण्यापासून : तिन्ही फाटली. रविवारची पुनरावृत्ती.

कालची गावठी तीन, गार पाणी अधिक सोडा : दोन फाटली, एक बरं. पिंपळपान, तुझ्यासाठी ते एक बरं धरते, पण ते बहुतेक नशीब.

कालची गावठी तीन, उकळत्या पाण्यात, ११ मिनिटं, मग बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं : दोन स्वच्छ, एकाला बुडाशी लहानसा खड्डा. इतक्या ताज्या अंड्यांचं हे होईल असं मला वाटलं नव्हतं.

दुकानातली तीन, गार पाण्यापासून : दोन छान, तिसऱ्याचा पापुद्रा चिकटला.

दुकानातली तीन, उकळत्या पाण्यात : तिन्ही गोटी. साल दोन तुकड्यांत. खरंच दोन तुकड्यांत! मुलगी टाळ्या वाजवायला लागली.

गावठीतली उरलेली तीन कुकरमध्ये, लेहच्या ताईंच्या पद्धतीने : तिन्ही निघाली, पण मी पाचऐवजी आठ मिनिटं ठेवली, त्यामुळे हिरवं कडं आलं. चूक माझी.

बंड्याभाऊ, पाण्याखाली सोलण्याचं तुम्ही सांगितलं नसतं तर निम्मी तरी गेली असती. पाणी पापुद्र्याखाली शिरताना दिसतं चक्क. आणि नखाने खरवडायची सवय मोडायला मला सहा अंडी लागली.

ठेल्यावरचा_बंड्या

ताई, अकरा वर्षांत मी वही केली नव्हती. तीन दिवस थांबा आणि राहिलेल्या गावठीची…

झणझणीत_रस्सा

राहिलेली कुठली? अठरा अंडी उकडून बसलेय. दोन दिवस झाले, डब्यात अंडी, रात्री अंडी, आज मुलीने विचारलं, "आई, उद्या वरण-भात मिळेल का?"

अंडीवाला_नगरकर

उकडल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकली होती ना? सालीसकट असतील तर आठवडाभर चालतात, सोललेली लवकर संपवा.

झणझणीत_रस्सा

हो, टाकली. सोललेली झाकून ठेवलीत. आता इतकी अख्खी, गुळगुळीत अंडी हातात आहेत तर नर्गिसी कोफ्ते करावे म्हणते. आयुष्यात कधी जमले नव्हते, अंडंच अख्खं नसायचं. खिमा किती घ्यावा सहा अंड्यांना?

टवाळखोर

नवीन धागा काढा. इथे शाकाहारी आहेत.

शाकाहारी_पण_प्रेमळ

काढा काढा, मी तिथेही येते.